शालेय ग्रंथपाल : कपाटाचा राखणदार की वाचनाचा वाटाड्या?

करमाळा (जि. सोलापूर) : शाळेत ग्रंथालय असावे, असे कायदा सांगतो. ते चालविण्यासाठी माणूस असावा, असे मात्र तो बहुतेक शाळांच्या बाबतीत सांगत नाही. शालेय ग्रंथपाल या पदाची सारी कहाणी या एका विसंगतीत सामावलेली आहे. पुस्तके खरेदी होतात, शिक्के बसतात, क्रमांक पडतात आणि कपाटाला कुलूप लागते. ते कुलूप कोणी, केव्हा व कोणासाठी उघडायचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

करमाळा तालुका सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला वसलेला आहे. उत्तरेला अहिल्यानगर जिल्हा, पूर्वेला धाराशिव आणि पश्चिमेला उजनीचा जलाशय ओलांडला की पुणे जिल्ह्यातील इंदापूर. जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून अधिक दूर. अशा तालुक्यातील मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्त पहिले पुस्तक पडते ते बहुधा शाळेतूनच. शहरातील मुलाला ग्रंथप्रदर्शने, पुस्तकांची दालने, घरातील कपाट असे अन्य मार्ग असतात. खेड्यातील मुलाला शाळेचे ग्रंथालय हाच मार्ग. म्हणूनच शालेय ग्रंथपालाचे काम नेमके काय, त्याची जबाबदारी कोठे सुरू होते आणि कोठे अडते, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

कायदा आणि पद

महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे. १ मे १९६८ रोजी तो अमलात आला. गावोगावच्या वाचनालयांना मिळणारे अनुदान व त्यांची अ, ब, क, ड ही वर्गवारी या व्यवस्थेतून येते. शालेय ग्रंथालये मात्र या अधिनियमाच्या कक्षेत येत नाहीत. ती शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत मोडतात आणि तेथे त्यांचे स्थान शाळेच्या अनेक गरजांपैकी एक, असेच राहते.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क कायद्याने (२००९) पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे, असे परिशिष्टात नमूद केले. वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके तेथे असावीत, असा त्याचा आशय आहे. त्याच परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी मोठ्या पटाच्या शाळांमध्ये कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. ग्रंथपालाचा उल्लेख तेथे नाही.

खासगी अनुदानित माध्यमिक शाळांतील ग्रंथपालाची सेवा महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ची नियमावली यांनुसार चालते. तेथे ग्रंथपालाची गणना शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत होते. पद मंजूर होण्याचा निकष विद्यार्थीसंख्येशी बांधलेला आहे. साधारणतः हजाराहून अधिक पट असलेल्या शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल, त्याखालच्या मोठ्या शाळांना अर्धवेळ, अशी रीत वर्षानुवर्षे चालत आली. तालुक्याच्या गावातील एखाददुसरी जुनी शाळा या निकषात बसते. खेड्यातील विद्यालयाचा पट क्वचितच हजारावर जातो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर हे पदच नाही. परिणामी ग्रंथालय कोणा शिक्षकाच्या 'अतिरिक्त कार्यभारा'त जाते. त्या शिक्षकाच्या तासिका कमी होत नाहीत. ग्रंथालयाला तास उरतो तो मधल्या सुट्टीचा.

स्वतंत्र भारताच्या शिक्षणविचारात हे पद असे दुय्यम मानलेले नव्हते. डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) प्रशिक्षित व पूर्णवेळ ग्रंथपालाचा आग्रह धरला होता आणि त्याचे वेतन व दर्जा ज्येष्ठ शिक्षकाच्या बरोबरीचा असावा, असे सुचविले होते. आयोगाच्या मते ग्रंथालय हे शाळेच्या बौद्धिक जीवनाचे केंद्र होते. सात दशकांनंतरही ती शिफारस बव्हंशी कागदावरच आहे.

पहिली जबाबदारी : पुस्तकांची निवड

ग्रंथपालाचे काम पुस्तक आल्यानंतर सुरू होते, असा समज आहे. वस्तुतः ते पुस्तक येण्याआधी सुरू होते. शाळेला ग्रंथखरेदीसाठी मिळणारा पैसा तुटपुंजा असतो. २०१८मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शासकीय शाळांना ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. खासगी अनुदानित शाळांची भिस्त वेतनेतर अनुदान आणि देणग्यांवर असते. दहा हजार रुपयांत सरासरी शंभर रुपयांची शंभर पुस्तके येतात. ही शंभर पुस्तके कोणती, हे ठरविणे म्हणजे वर्षभर मुले काय वाचतील हे ठरविणे होय.

येथे दोन मोह टाळावे लागतात. पहिला, सवलत अधिक म्हणून विक्रेत्याचा गठ्ठा जसाच्या तसा स्वीकारण्याचा. अशा गठ्ठ्यांत एकाच साच्यातील चरित्रे, सुविचारसंग्रह आणि निबंधमालांचा भरणा असतो. दुसरा मोह मोठ्यांच्या आवडीने मुलांची पुस्तके घेण्याचा. जाडजूड ग्रंथ कपाटात शोभून दिसतात. सहावीतला मुलगा त्यांच्याकडे फिरकत नाही.

चांगली निवड थरांनी होते. नुकते वाचू लागलेल्या मुलासाठी मोठ्या अक्षरांची चित्रपुस्तके, त्याच्या पुढच्यासाठी छोट्या गोष्टी, मग भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेसारखी साहसमालिका. आणि त्यानंतर प्रवासवर्णने, विज्ञान, कविता, कादंबरी. साने गुरुजींची 'श्यामची आई' (१९३५) प्रत्येक शाळेत असते. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकेही तितक्याच सहजपणे असावयास हवीत. २०१४मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१पासून निघते. नॅशनल बुक ट्रस्टची स्वल्पमूल्य मराठी पुस्तके, मराठी विश्वकोश व कुमार विश्वकोशाचे खंड, एक चांगला शब्दकोश आणि नकाशासंग्रह एवढी सामग्री असली तरी लहान शाळेचा पाया पक्का होतो.

वाचक मागतील ते आणण्याचीही सोय हवी. ग्रंथालयाच्या दारात एक मागणीवही ठेवली आणि वर्षातून दोनदा त्यातील काही पुस्तके खरोखर आणली, तर मुलांचा ग्रंथालयावरील विश्वास दृढ होतो. मागितलेले कधीच येत नाही, हे एकदा कळले की वही कोरी राहते.

नोंद, वर्गीकरण आणि मांडणी

पुस्तक आले की त्याची दाखल नोंदवहीत नोंद होते. दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, किंमत, देयकाचा क्रमांक. ही नोंदवही म्हणजे ग्रंथालयाच्या मालमत्तेचा सातबारा. लेखापरीक्षक प्रथम हीच मागतात. त्यानंतर शिक्का, वर्गांक, पाठीवरची चिठ्ठी, आतील तारीखपत्रक असे सोपस्कार होतात.

वर्गीकरणासाठी बहुतेक ठिकाणी मेल्व्हिल ड्यूई यांची १८७६मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली दशांश पद्धती वापरली जाते. तिच्यात पाचशेच्या घरात विज्ञान, आठशेच्या घरात साहित्य, नऊशेच्या घरात इतिहास-भूगोल येतो. मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ आहे. महाविद्यालयात हे अंक उपयोगी पडतात. शाळेत मात्र अंकांवर हटून बसण्यात अर्थ नाही. पाचवीच्या मुलाला दशांश चिन्हानंतरचे आकडे सांगून पुस्तक सापडत नाही. रंगीत पट्ट्या, चित्रांच्या खुणा, 'प्राणी', 'अवकाश', 'विनोद', 'भुतेखेते' अशा पाट्या लावल्या की ते स्वतःच शोधते. वही अंकांनी चालावी आणि फळी रंगांनी, अशी तडजोड अनेक शाळांना सोयीची ठरते.

मांडणीचा खरा प्रश्न कुलपाचा आहे. वाचकाने स्वतः फळीपाशी जाऊन पुस्तक चाळावे, या रीतीला ग्रंथालयशास्त्रात मुक्तद्वार पद्धती म्हणतात. बंदिस्त पद्धतीत वाचक नाव सांगतो आणि कर्मचारी पुस्तक काढून देतो. ज्या मुलाने पुस्तकाचे नावच ऐकलेले नाही, ते काय मागणार? म्हणून शाळेत मुक्तद्वार पद्धतीला पर्याय नाही. जागा नसेल तर व्हरांड्यात दोरी बांधून तिच्यावर पुस्तके अडकविता येतात. दर आठवड्याला पन्नास पुस्तके टेबलावर मुखपृष्ठ वर करून पसरली तरी पुरते.

देवघेव हाच गाभा

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१मध्ये पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचावा. आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी सजीव संस्था आहे, असा त्यांचा आशय. त्यांचा जन्मदिन म्हणून १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन पाळला जातो. पहिले सूत्र वाचायला सोपे वाटते. शाळेत मोडले जाते तेही तेच.

देवघेवीचा हिशेब मांडून पाहावा. समजा, शाळेचा पट ६०० आहे आणि प्रत्येक मुलाला पंधरवड्याला एक पुस्तक द्यायचे ठरले. पंधरवड्यात बारा कामाचे दिवस धरले तर रोज ५० पुस्तके द्यावी लागतात आणि तितकीच परत घ्यावी लागतात. नोंदीला एकेक मिनिट धरले तरी रोजचे पावणेदोन तास केवळ देवघेवीत जातात. अर्धवेळ ग्रंथपालाच्या पाळीतील मोठा भाग येथेच संपला. निवड, नोंदणी, बांधणी, वाचनतास यांसाठी उरते ते थोडके. अतिरिक्त कार्यभार सांभाळणाऱ्या शिक्षकाला तर हे अशक्यप्रायच. पटावर आधारित निकष कामाच्या प्रमाणाचा विचार करीत नाही, तो असा.

यावर काही शाळांनी काढलेला तोडगा म्हणजे वर्ग-ग्रंथालय. प्रत्येक वर्गाला तीस-चाळीस पुस्तकांची पेटी, दोन विद्यार्थी 'ग्रंथमित्र', एक साधी वही. महिन्याने पेट्यांची वर्गावर्गांत अदलाबदल. ग्रंथपालाने रोज प्रत्येक पुस्तक हाताळण्याऐवजी पेट्यांची फिरवाफिरव सांभाळायची. मुलांनाही जबाबदारीची सवय लागते.

हरवलेल्या पुस्तकाची भीती

देवघेव कमी होण्याचे कारण केवळ वेळ नव्हे. त्यामागे भीती आहे. पुस्तक हरवले तर कोण भरून देणार? साठा पडताळणीत शंभर पुस्तके कमी निघाली तर ठपका कोणावर? ज्याच्या ताब्यात साठा, त्याच्याकडून वसुली, असा सरळ हिशेब कार्यालयात मांडला जातो. मग ज्याने पुस्तके वाटली त्याची अडचण होते. ज्याने कपाट वर्षभर उघडलेच नाही त्याचा साठा मात्र बिनचूक निघतो. पुस्तके न वाचू देणाऱ्याला निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र देणारी ही व्यवस्था आहे.

याबाबत केंद्र सरकारचे धोरण अधिक समंजस आहे. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार (२०१७, नियम २१५) वर्षभरात देवघेव झालेल्या वा वाचनासाठी दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांचे नुकसान वाजवी मानले जाते. त्यामागे अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसावा, ही अट. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे पुस्तक आणि दुर्मीळ ग्रंथ यांची मात्र चौकशी होते. हे नियम केंद्र सरकारच्या ग्रंथालयांसाठी आहेत. तथापि त्यांतील तत्त्व कोणत्याही शाळेला मार्गदर्शक ठरावे. वरच्या उदाहरणातील शाळेत वीस पंधरवड्यांत १२ हजार वेळा पुस्तके दिली गेली, तर या प्रमाणात ६० पुस्तकांची घट स्वाभाविक ठरते. आणि जेथे देवघेव शून्य, तेथे वाजवी घटही शून्य.

संस्थेने ठराव करून अशी मर्यादा आधीच निश्चित केली, तर ग्रंथपाल मोकळेपणाने पुस्तके देऊ शकतो. फाटलेली, कालबाह्य व निरुपयोगी पुस्तके समितीमार्फत बाद करण्याची प्रक्रियाही वर्षाकाठी व्हावयास हवी. अनेक कपाटांत जुन्या अभ्यासक्रमाची मार्गदर्शके आणि वाळवी लागलेले गठ्ठे केवळ नोंदवहीत क्रमांक आहे म्हणून जपले जातात. नव्या पुस्तकाला जागा नसते. बाद करणे हेही ग्रंथपालाचेच कर्तव्य आहे.

मुलाकडून पुस्तक हरवले तर दंड किती, हाही नाजूक प्रश्न. घरी पुस्तक नेण्याची भीती बसली की ते मूल पुन्हा ग्रंथालयाकडे वळत नाही. रोख रकमेऐवजी दुसरे कोणतेही पुस्तक आणून देणे, ग्रंथालयात काही दिवस मदत करणे किंवा फाटके पुस्तक चिकटवून देणे, असे पर्याय ठेवता येतात.

वाचनतास आणि संदर्भसेवा

वेळापत्रकात ग्रंथालयाची तासिका असते; ती बदली तासिका म्हणून वापरली जाते. गणिताचे शिक्षक रजेवर असले की मुले ग्रंथालयात, आणि परीक्षा जवळ आली की ग्रंथालयाचा तास गणिताला. ही तासिका सांभाळणे, हे ग्रंथपालाचे मुख्याध्यापकांकडे धरावयाच्या आग्रहाचे पहिले कलम असावे.

त्या तासात काय करावे? प्रकट वाचन हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय. ग्रंथपालाने एखाद्या पुस्तकाची पहिली दहा पाने वाचून दाखवावीत आणि उत्कंठेच्या जागी थांबावे. त्या पुस्तकासाठी मागणी लागते. एका मुलाने दुसऱ्याला पुस्तकाची ओळख करून द्यावी. नावडलेल्या पुस्तकाबद्दलही बोलू द्यावे. वाचलेल्या पुस्तकाचा सारांश सक्तीने लिहून घेण्याची प्रथा मात्र जपून वापरावी. वाचनाला गृहपाठाचे रूप आले की गोडी ओसरते.

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी दुसरे काम असते, ते माहिती शोधण्याच्या शिक्षणाचे. अनुक्रमणिका आणि सूची यांत फरक काय, कोशात शब्द कसा पाहावा, एकाच गोष्टीची दोन पुस्तकांत दोन उत्तरे निघाली तर कोणते ग्राह्य धरावे, हे पाठ्यपुस्तक शिकवीत नाही. भ्रमणध्वनीवर आलेला कोणताही मजकूर खरा मानण्याच्या आजच्या काळात ही शिकवण पूर्वीपेक्षा अधिक निकडीची झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाने १९९९मध्ये शालेय ग्रंथालयांचा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि २०२१मध्ये तो सुधारला. त्यातही माहितीची पारख हे शालेय ग्रंथालयाच्या मुख्य कामांपैकी एक मानले आहे आणि त्यासाठी पात्र ग्रंथपालाची गरज अधोरेखित केली आहे.

ग्रंथपाल असल्याने अभ्यासात फरक पडतो का, याचा शोध अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात घेतला गेला. १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील पाहणीत ज्या शाळांची ग्रंथालये मनुष्यबळ व संग्रह या दृष्टींनी सक्षम, तेथील विद्यार्थ्यांचे वाचनगुण अधिक आढळले. वस्तीची सांपत्तिक स्थिती लक्षात घेऊनही हा फरक टिकून राहिला. तेथील परिस्थिती निराळी, हे खरे. पण पुस्तके आणि माणूस या दोहोंची जोड लागते, हा निष्कर्ष येथेही विचारात घेण्याजोगा आहे.

शाळेच्या भिंतीबाहेरचा वाचक

करमाळा हा उसाचाही तालुका. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या पट्ट्यात तोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. आईवडिलांसोबत आलेली मुले काही महिने इथल्या शाळेत बसतात, काही बसतही नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये तळ हलतो. अशा मुलाला पुस्तक द्यावे की नाही? नियमाने पाहिले तर त्याचे नाव पटावर कायम नाही, अनामत नाही, परत येण्याची हमी नाही. वाचनाच्या दृष्टीने पाहिले तर पुस्तकाची गरज त्यालाच सर्वाधिक. त्याच्यासाठी वेगळी, कमी किमतीची पुस्तके काढून ठेवावीत. ती आठवड्याच्या बोलीवर द्यावीत. आणि त्यातील काही परत येणार नाहीत, हे गृहीत धरावे. ही मोकळीक ग्रंथपालाला मुख्याध्यापकांनी आणि संस्थेने द्यावयाची आहे.

वाडीवस्तीवरील शाळांसाठी फिरत्या पेटीचा मार्ग आपल्याकडे नवा नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला पाचारण केले. बॉर्डन १९१३पर्यंत बडोद्यात होते. त्या काळात संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी जाऊ लागली. मोठ्या गावातील विद्यालयाने भोवतीच्या चार वाड्यांना महिन्याला एक पेटी पाठविणे आजही अवघड नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खेड्यातील शालेय ग्रंथालये शाळेच्या वेळेनंतर गावासाठी खुली करण्याचा विचार मांडला आहे. त्याच धोरणात ग्रंथालयांसाठी पुरेसा कर्मचारीवर्ग आणि त्यांच्या बढतीचे मार्ग असावेत, असेही म्हटले आहे. पहिली गोष्ट दुसरीवाचून होणे नाही.

गावाचा स्वतःचा कप्पा

प्रत्येक शालेय ग्रंथालयात आपल्या परिसराचा एक कप्पा असावा. तो बाजारात तयार मिळत नाही. ग्रंथपालालाच जमवावा लागतो. करमाळ्यापुरते पाहिले तरी सामग्री विपुल आहे. रावरंभा निंबाळकरांच्या काळातील किल्ला, कमलाभवानीचे मंदिर आणि शहाण्णव पायऱ्यांची म्हणून ओळखली जाणारी बारव यांविषयीच्या पुस्तिका. १८८४मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरविषयक विसावा खंड. उजनी धरणामुळे उठलेल्या गावांच्या आठवणी. जलाशयावर येणाऱ्या रोहितांची व अन्य पक्ष्यांची ओळख करून देणारी पुस्तके. तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांना राज्य 'फँड्री' आणि 'सैराट'चे दिग्दर्शक म्हणून ओळखते. त्यांचा 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा कवितासंग्रह जेऊरच्या मुलाला आपल्या शाळेत हाती लागावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. आपल्या गावच्या माणसाने पुस्तक लिहिले आहे, हे फळीवर पाहिले की लिहिणे ही दूरच्या लोकांची गोष्ट राहत नाही.

या कप्प्यात मुलांनी जमविलेली सामग्रीही यावी. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गावाच्या नावाची कथा, जुन्या यात्रेची वर्णने मुलांनी वहीत उतरवून दिली तर ती बांधून, दाखल क्रमांक देऊन फळीवर ठेवावीत.

संगणक आला; काम संपले नाही

ग्रंथालयाच्या संगणकीकरणासाठी आता खर्चिक प्रणालीची गरज नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' आणि न्यूझीलंडमध्ये तयार होऊन २००० साली वापरात आलेली 'कोहा' ही मुक्त प्रणाली उपलब्ध आहे. लहान शाळेला तर साधा तक्ताही पुरतो. 'किशोर'चे जुने अंक आणि मराठी विश्वकोश महाजालावर विनामूल्य वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत. त्या छापूनही घेता येतात. शेजारच्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२०मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. साधने खेड्यातही पोहोचतात, याचे हे ठळक उदाहरण. मात्र त्या उदाहरणातही साधनामागे शिक्षक उभा होता. कोणत्या मुलाला कोणती गोष्ट द्यावी, हे यंत्र सांगत नाही.

पात्रता आणि वाटचाल

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम ही पहिली पायरी आहे. त्यापुढे ग्रंथालय व माहितीशास्त्रातील पदवी आणि पदव्युत्तर पदवी. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून दूरशिक्षणाने ही पदवी घेता येते. अभ्यासक्रमांत वर्गीकरण, तालिकीकरण आणि व्यवस्थापनावर भर असतो. बालसाहित्य, बालमानस आणि गोष्ट सांगण्याची कला यांचा अनुभव उमेदवाराने स्वतःच मिळवावा लागतो. शालेय ग्रंथपालाला या तिन्हींची गरज महाविद्यालयीन ग्रंथपालापेक्षा अधिक भासते. मुलांची पुस्तके स्वतः न वाचणारा ग्रंथपाल मुलांना पुस्तक सुचवू शकत नाही.

ग्रंथालयाचे वर्ष : थोडक्यात

- जून-जुलै : नव्या विद्यार्थ्यांची वाचक नोंदणी, वर्ग-पेट्यांची आखणी, तासिकांचे वेळापत्रक, मागणीवहीचा आढावा.
- ऑगस्ट-सप्टेंबर : ग्रंथपाल दिन, खरेदी समितीची बैठक, पहिली खरेदी.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर : १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, दिवाळीच्या सुट्टीसाठी दोन-दोन पुस्तके, दिवाळी अंक, हंगामी विद्यार्थ्यांची वेगळी नोंद.
- जानेवारी-फेब्रुवारी : १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, दुसरी खरेदी.
- मार्च-एप्रिल : पुस्तके परत घेणे, साठा पडताळणी, बांधणी, निरुपयोगी पुस्तके बाद करणे, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन आणि उन्हाळी सुट्टीतील वाचनाची सोय.

पालकांनी विचारावे असे पाच प्रश्न

शाळेत प्रवेश घेताना पालक प्रयोगशाळा पाहतात, मैदान पाहतात, संगणककक्ष पाहतात. ग्रंथालय पाहताना 'किती पुस्तके आहेत' एवढेच विचारले जाते. या आकड्यावरून फारसे कळत नाही. पुढील प्रश्न अधिक उपयुक्त ठरतील.

१. गेल्या महिन्यात किती पुस्तके मुलांनी घरी नेली?
२. ग्रंथालयाची तासिका आठवड्यातून किती वेळा होते आणि ती प्रत्यक्षात घेतली जाते का?
३. कपाटे मुलांना स्वतः उघडता येतात का?
४. गेल्या वर्षी कोणती नवी पुस्तके आली आणि ती कोणी निवडली?
५. ग्रंथालय कोण पाहते, आणि त्या व्यक्तीला त्यासाठी वेळ दिला आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देवघेव वहीत असते आणि ती वही पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे प्रतिनिधी असतात. साठा पडताळणीचा अहवाल समितीपुढे येतो तेव्हा किती पुस्तके कमी भरली, यासोबत किती पुस्तके वाचली गेली, हा रकानाही त्यांनी मागावा. तो रकाना आला तर ग्रंथपालाचे खरे काम प्रथमच कागदावर दिसेल, आणि हजाराच्या आत पट असलेल्या शाळांनाही हे पद का हवे, याचे उत्तर त्या आकड्यांतूनच मिळेल.